टिप्पणीतला दावा आणि सिद्ध झालेला दावा : टिमसॉर्टमध्ये तेरा वर्षे राहिलेली चूक

लेखक : औदुंबर_छाया
विभाग : तंत्रज्ञान

प्रोग्राम बरोबर आहे असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा आपल्याला एवढेच ठाऊक असते की तो आजवर चुकताना कोणी पाहिलेला नाही. ही दोन विधाने एकमेकांपासून किती दूर असू शकतात, हे २०१५ साली उघडकीला आलेल्या एका प्रकरणावरून फार स्पष्ट होते. सॉफ्टवेअरच्या गणिती पडताळणीची ओळख करून घ्यायची असेल तर माझ्या मते त्याच प्रकरणापासून सुरुवात करावी, कारण त्यात रॉकेट कोसळत नाही की कोणाचा जीव जात नाही. यादी क्रमाने लावणारा एक साधा प्रोग्राम आहे आणि त्यातली चूक समजायला शाळेतली बेरीज पुरते.

टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथॉन भाषेसाठी टिमसॉर्ट ही पद्धत लिहिली. पुढे ती जावाच्या सातव्या आवृत्तीत आणि अँड्रॉइडमध्येही आली. तिची मूळ कल्पना अशी की व्यवहारातल्या याद्या क्वचितच पूर्ण विस्कटलेल्या असतात. त्यांत आधीच क्रमाने लागलेले तुकडे असतात. टिमसॉर्ट असे तुकडे डावीकडून उजवीकडे शोधत जाते, प्रत्येक तुकड्याची लांबी स्टॅकवर (एकावर एक रचत जाणाऱ्या चळतीवर) ठेवते आणि शेजारशेजारचे तुकडे योग्य वेळी एकमेकांत मिसळते. केव्हा मिसळायचे याला नियम आहे. स्टॅकवरचे लागोपाठचे कोणतेही तीन तुकडे घेतले, तरी त्यांतला खालचा तुकडा वरच्या दोघांच्या बेरजेपेक्षा मोठा हवा आणि मधला वरच्यापेक्षा मोठा हवा. हा नियम स्टॅकभर पाळला गेला तर वरून खाली जाताना लांब्या निदान फिबोनाची श्रेणीच्या वेगाने वाढतात, त्यामुळे स्टॅक फार उंच होऊच शकत नाही. याच हिशेबावर विसंबून जावात स्टॅकसाठी जास्तीत जास्त ४० जागा राखलेल्या होत्या.

नवा तुकडा आला की नियम मोडतो का ते पाहायचे, मोडत असेल तर मिसळायचे, आणि नियम पुन्हा खरा झाला की थांबायचे, असे ते काम चालते. मात्र कोड तपासत होता ते फक्त माथ्यावरचे तीन तुकडे. कागदावर करून पाहा. स्टॅकवर खालून वर १२०, ८०, २५, २० अशा लांब्या आहेत. १२० हे ८० आणि २५ यांच्या बेरजेपेक्षा, म्हणजे १०५ पेक्षा, मोठे आहे. ८० हे ४५ पेक्षा मोठे आहे. २५ हे २० पेक्षा मोठे आहे. आता ३० लांबीचा नवा तुकडा येतो. २५ हे २० आणि ३० यांच्या बेरजेपेक्षा लहान असल्यामुळे नियम मोडतो, आणि २५ हे ३० पेक्षाही लहान असल्यामुळे कोड २५ आणि २० यांना मिसळून ४५ करतो. स्टॅक होतो १२०, ८०, ४५, ३०. कोड पुन्हा माथा तपासतो : ८० हे ७५ पेक्षा मोठे, ४५ हे ३० पेक्षा मोठे, म्हणून तो थांबतो. पण तळाशी १२० आता ८० आणि ४५ यांच्या बेरजेपेक्षा, म्हणजे १२५ पेक्षा, लहान राहिले आहे, आणि तिकडे कोणी पाहतच नाही.

एका ठिकाणी नियम मोडल्याने लगेच काही बिघडत नाही. यादी पुरेशी मोठी असली आणि तुकड्यांच्या लांब्या विशिष्ट प्रकारे जुळून आल्या, तर मात्र अशा जागा साचत जातात, स्टॅक हिशेबापेक्षा उंच होतो आणि राखलेल्या जागा अपुऱ्या पडतात. स्टाइन द गाऊ आणि त्यांचे नेदरलँड्स व जर्मनीतले सहकारी हा कोड बरोबर असल्याचे 'की' नावाच्या पडताळणीच्या साधनाने सिद्ध करायला बसले होते. प्रूफ, म्हणजे गणिती सिद्धता, काही केल्या पूर्ण होईना, आणि ते का होत नाही याचा शोध घेताना त्यांना ही चूक सापडली. त्यांनी ६,७१,०८,८६४ घटकांची एक यादी बांधून दाखवली, जी दिल्यावर जावाचे क्रमवारी लावणारे फंक्शन खरोखर कोसळत होते.

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती केव्हा मिसळायचे हे ठरवणाऱ्या फंक्शनच्या डोक्यावरची टिप्पणी, म्हणजे वाचणाऱ्या माणसासाठी कोडात लिहिलेली नोंद. तिच्यात हा नियम स्पष्ट लिहिलेला होता, आणि फंक्शनमध्ये शिरताना तो संपूर्ण स्टॅकसाठी खरा असतो अशी हमीही दिलेली होती. म्हणजे लिहिणाऱ्याने विचार केला नव्हता असे मुळीच नाही. विचार झाला होता, तो नेमक्या शब्दांत मांडला गेला होता, पुढे अनेक जाणत्या लोकांच्या डोळ्यांखालून गेला होता, आणि तरीही तो दावा खोटा होता. कंपायलर, म्हणजे कोडाचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, टिप्पणी वाचत नाही आणि माणूस ती वाचून विश्वास ठेवतो. पडताळणीचे साधन तिसरीच गोष्ट करते : हा दावा फंक्शनच्या सुरुवातीला खरा आहे असे धरले, तर फंक्शन संपताना तो खरा राहतो हे प्रत्येक वाटेसाठी दाखवा, असा आग्रह धरते.

हा आग्रह नवा नाही. रॉबर्ट फ्लॉइड यांनी १९६७ मध्ये आणि टोनी होअर यांनी १९६९ मध्ये त्याची चौकट घालून दिली : आधी काय खरे असले पाहिजे ती पूर्वअट, मग प्रोग्राम, आणि शेवटी काय खरे झालेले असेल ती उत्तरअट. या तिघांची सांगड तर्कशास्त्राच्या नियमांनी घालता येते. आपल्यापैकी कोणी प्रत्यक्ष कामात असे काही वापरले आहे का, आणि वापरले नसेल तर नेमके कशामुळे, हे जाणून घेण्यासाठी हा धागा काढला आहे.

---

खटपट्या

लेख आवडला, आणि १२०, ८०, २५, २० हे उदाहरण वहीत सोडवून पाहिले. तरीही एक आक्षेप नोंदवतो. माझे आयुष्य टेस्टिंगमध्ये गेले आहे आणि सहा कोटींहून अधिक घटकांची, तीही मुद्दाम घडवलेली यादी लागते, अशी चूक माझ्या यादीत फार खाली राहिली असती. ज्या कंपनीत लॉगिनच्या पानावरच्या चुका निस्तरता निस्तरता रिलीजची तारीख उलटून जाते, तिथे अशा प्रूफवर महिने घालवणे परवडणारे नाही. चांगल्या टेस्ट केसेस, कोड रिव्ह्यू आणि यादृच्छिक इनपुट यांचा कस लावून जे मिळते, त्याच्या पलीकडे किती लोकांना खरोखर जावे लागते?

---

औदुंबर_छाया

खटपट्या, आपला प्रश्न रास्त आहे, आणि लॉगिनच्या पानासाठी कोणी प्रूफ लिहावे असे मीही म्हणणार नाही. पण यादृच्छिक इनपुटबद्दल थोडे सांगतो. अशा यादीत आपसूक क्रमाने लागलेले तुकडे फार लहान असतात आणि टिमसॉर्ट त्यांना एका किमान लांबीपर्यंत वाढवून घेते, त्यामुळे जवळजवळ सर्व तुकडे सारख्याच लांबीचे निघतात. चुकीला हवी असलेली लांब्यांची विचित्र मांडणी अशा यादीत कितीही वेळा प्रयत्न केले तरी येत नाही. म्हणजे इथे टेस्टची संख्या वाढवूनही चुकीच्या जवळ जाता येत नव्हते. चूक कोठे आहे हे आधी कळल्यावरच तिला बाहेर काढणारी टेस्ट लिहिता आली.

दुसरे असे की ही चूक उघड झाल्यावर पायथॉनमध्ये तपासणीच सुधारली गेली, माथ्याच्या आणखी एक पायरी खाली पाहिले जाऊ लागले. वास्तविक पायथॉनच्या आवृत्तीत ती चूक घडवायला इतकी मोठी यादी लागली असती की ती कोणत्याही संगणकात मावली नसती, तरी त्यांनी ती दुरुस्त केली. जावात त्या वेळी तपासणी तशीच ठेवून ४० च्या जागी ४९ जागा करण्यात आल्या. मला स्वतःला पायथॉनचा मार्ग सरस वाटतो, कारण त्यात टिप्पणीतला दावा खरा करण्यात आला.

---

गणिताची_वही

लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कोडाच्या, प्रत्येक फेरीत खरे राहणारे विधान, ज्याला इन्व्हेरियंट म्हणतात, तो या विषयाचा गाभा आहे आणि तो वर्गात शिकवताना मी नेहमी बायनरी सर्च घेते. क्रमाने लावलेल्या यादीत एक संख्या शोधायची आहे. 'खालची' आणि 'वरची' अशा दोन खुणा ठेवायच्या. इन्व्हेरियंट असा : हवी ती संख्या यादीत असलीच, तर ती या दोन खुणांच्या दरम्यान आहे. सुरुवातीला खुणा यादीच्या दोन टोकांना असतात, म्हणून ते खरे असते. मधला घटक पाहून अर्धा भाग टाकून दिला, तरी यादी क्रमाने असल्यामुळे ते खरेच राहते. खुणा एकमेकींना ओलांडून गेल्या की दरम्यान काहीच उरत नाही, म्हणजे संख्या यादीत नाही हे सिद्ध झाले. शिवाय दर फेरीत मधले अंतर घटते, म्हणून लूप कधीतरी संपणारच. विद्यार्थ्यांना गणिती विगमन (इंडक्शन) माहीत असते. हे तेच आहे, फक्त फेरीमागून फेरी.

आता या सुंदर प्रूफमधली फट सांगते. मधले स्थान काढताना 'खालची' आणि 'वरची' यांची बेरीज करून तिला दोनने भागतात. जावात साधी पूर्णांक संख्या २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जाऊ शकत नाही. यादीत शंभर कोटींच्या वर घटक असले की ती बेरीज मर्यादा ओलांडून ऋण होते आणि प्रोग्राम कोसळतो. जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये हे जाहीरपणे मांडले, तोपर्यंत जावाच्या स्वतःच्या बायनरी सर्चमध्ये ही चूक सुमारे नऊ वर्षे होती. बेरजेऐवजी, खालच्या खुणेत दोन खुणांमधल्या अंतराची निमपट मिळवली की चूक जाते.

माझे म्हणणे एवढेच की कागदावरच्या प्रूफमधली तर्काची एकही पायरी चुकलेली नव्हती. ते प्रूफ गणितातल्या अमर्याद पूर्णांकांविषयी होते आणि यंत्रातले पूर्णांक तसे नसतात. म्हणून हाताने केलेल्या प्रूफपेक्षा यंत्राने तपासलेले प्रूफ मला अधिक मोलाचे वाटते : साधनाला यंत्रातल्या पूर्णांकाचे नियम शिकवलेले असतील, तर ते बेरजेच्या ओळीवरच अडते आणि ही बेरीज मर्यादेत राहते हे दाखवा म्हणते.

---

रेवदंडा

खर्चाचा मुद्दा निघाला आहे म्हणून लिहितो. एसईएलफोर (seL4) हा ऑपरेटिंग सिस्टिमचा छोटा गाभा सिडनीत सिद्ध करण्यात आला आणि ते काम २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. सी भाषेतला कोड साधारण ८,७०० ओळींचा, आणि इझाबेल या साधनातले प्रूफ सुमारे २,००,००० ओळींचे. प्रूफसाठी लागलेले श्रम सुमारे २० मनुष्यवर्षांचे होते. हे आकडे पाहून बरेच जण हा विषय कायमचा बाजूला ठेवतात.

पण पॅरिसच्या मेट्रोचे उदाहरण वेगळे आहे. तिथली १४ क्रमांकाची मार्गिका ऑक्टोबर १९९८ मध्ये सुरू झाली. गाडीत चालक नाही, त्यामुळे ब्रेक लावण्याचा आणि दरवाजे उघडण्याचा निर्णय सॉफ्टवेअरच घेते. सुरक्षेशी संबंधित भाग जाँ-रेमाँ आब्रियाल यांच्या बी पद्धतीने लिहिला गेला : आधी गणिती भाषेत काय हवे ते मांडायचे, मग ते टप्प्याटप्प्याने कोडाकडे नेत जायचे, आणि प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याशी सुसंगत आहे हे सिद्ध करायचे. अशा रीतीने एडा भाषेतल्या सुमारे ८६,००० ओळी तयार झाल्या. त्या भागापुरत्या युनिट टेस्ट (कोडाच्या सुट्या तुकड्यांच्या चाचण्या) गाळण्यात आल्या आणि पुढच्या चाचण्यांमध्ये त्यात चूक निघाली नाही, असे ते काम करणाऱ्यांनी नोंदवले आहे. कोड आधी लिहून नंतर सिद्ध करणे, आणि प्रूफच्या हातात हात घालून कोड लिहिणे, या दोहोंच्या खर्चात मोठा फरक पडतो. एसईएलफोरच्या आकड्यांवरून संपूर्ण क्षेत्राचे माप काढू नये.

---

नवशिकी

धागा वाचनखुणांमध्ये साठवला आहे. मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि अभ्यासक्रमात यातले काहीच नाही, म्हणून दोन प्रश्न विचारते. प्रूफ तपासणारे साधन हासुद्धा एक प्रोग्रामच आहे, मग त्यात चूक नाही हे कोणी सिद्ध केले? आणि आपल्याकडे या विषयावर काम कोठे चालते, सुरुवात कशाने करावी?

---

औदुंबर_छाया

नवशिकी, पहिला प्रश्न या क्षेत्रातल्या लोकांनीही फार गंभीरपणे घेतलेला आहे. इझाबेल किंवा कॉक, ज्याचे नाव आता रॉक झाले आहे, यांसारख्या साधनांची रचनाच अशी असते की प्रूफ शोधणारा भाग कितीही मोठा आणि गुंतागुंतीचा असला, तरी शेवटी प्रत्येक पायरी एका लहानशा गाभ्याकडून मंजूर करून घ्यावी लागते. विश्वास ठेवायचा तो त्या गाभ्यावर, आणि तो माणसाने बसून वाचावा इतका छोटा ठेवतात. विश्वास शून्यावर येत नाही, पण तो कोठे ठेवला आहे हे बोट ठेवून दाखवता येते.

याची बाहेरून झालेली एक परीक्षाही आहे. झाव्हिए लरॉय यांनी फ्रान्समध्ये कॉम्पसर्ट हा सी भाषेचा कंपायलर कॉकमध्ये सिद्ध केला. यूटा विद्यापीठातल्या गटाने २०११ मध्ये यादृच्छिक सी प्रोग्राम निर्माण करून अनेक कंपायलर तपासले आणि तीनशेहून अधिक चुका संबंधितांना कळवल्या. तपासलेल्या प्रत्येक कंपायलरमध्ये काही ना काही निघाले. कॉम्पसर्टमध्येही निघाले, पण ज्या भागाचे प्रूफ तोवर झालेले नव्हते त्याच भागात. सिद्ध झालेल्या मधल्या भागात चुकीचा कोड निर्माण करणारी चूक त्यांना सापडली नाही. खटपट्या, हा प्रयोग टेस्टिंगवाल्यांनीच केलेला आहे, म्हणून तो आपल्याला विशेष पटेल असे वाटते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या शहरातच आहे. टीसीएसच्या पुण्यातल्या संशोधन केंद्रात प्रोग्रामच्या स्वयंचलित पडताळणीवर अनेक वर्षे काम चालू आहे. तिथल्या व्हेरिअॅब्स या साधनाने सॉफ्टवेअर पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २०२० मध्ये, प्रोग्राम नको त्या स्थितीला पोहोचतो का हे तपासण्याच्या गटात, पहिला क्रमांक मिळवला होता. मुंबईत आयआयटीमध्येही या विषयाला वाहिलेले एक केंद्र आहे. सुरुवात डॅफ्नी या भाषेने करावी असे सुचवतो. पूर्वअट, उत्तरअट आणि इन्व्हेरियंट कोडाबरोबरच लिहायचे असतात आणि कोठे अडले ते ती त्याच ओळीवर दाखवते. गणिताची_वही यांनी सांगितलेला बायनरी सर्च हा पहिला स्वाध्याय म्हणून उत्तम आहे.

---

खटपट्या

यूटाच्या गटाचा प्रयोग माहीत नव्हता; तो शोधून वाचला आणि माझे मत काही अंशी बदलले आहे. शिवाय ॲमेझॉनच्या अभियंत्यांनी २०१५ मध्ये लिहिलेला एक अनुभवही वाचनात आला. त्यांनी कोड सिद्ध केला नाही. लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या टीएलए प्लस या भाषेत वितरित, म्हणजे अनेक यंत्रांवर पसरलेल्या, डेटाबेसच्या रचनेचे फक्त मॉडेल लिहिले आणि यंत्राकडून त्याच्या सर्व शक्य स्थिती तपासून घेतल्या. त्यात एक चूक अशी निघाली की ती घडायला सर्वांत छोटा मार्गही ३५ पायऱ्यांचा होता. अमुक यंत्र बंद पडणे, मग तमुक निरोप उशिरा पोहोचणे, अशा ३५ घटना त्याच क्रमाने जुळवून आणणारी टेस्ट मी कधीही लिहू शकलो नसतो, हे मान्य करतो. हा मार्ग मला सामान्य कंपनीच्या आवाक्यातला वाटतो.

माझी उरलेली शंका सीमेवरची आहे. २०१७ मध्ये तीन सिद्ध केलेल्या वितरित प्रणालींची तपासणी झाली आणि त्यांत १६ चुका निघाल्या. बहुतेक साऱ्या स्पेसिफिकेशनमध्ये (प्रोग्रामने काय करावे याच्या मांडणीत), साधनांमध्ये किंवा सिद्ध केलेला भाग जिथे बाहेरच्या जगाशी जोडला जातो तिथल्या गृहीतकांमध्ये होत्या. फाइल लिहिली म्हणजे ती डिस्कवर गेलीच, असे प्रूफने धरून चालावे आणि ऑपरेटिंग सिस्टिमने तसे करू नये, अशा प्रकारच्या गोष्टी आमच्या रोजच्या ओळखीच्या आहेत. तेव्हा टेस्टरने आपले लक्ष नेमके या सांध्यांवर केंद्रित करावे, असे मला आता वाटते.

---

गणिताची_वही

खटपट्या यांच्याशी पूर्ण सहमत. टिमसॉर्टच्या कथेचा पुढचा भाग अजून कोणी सांगितलेला नाही, म्हणून तो इथे जोडते. जावात ४९ जागा करून विषय मिटला असे सर्वांनी धरले होते. २०१८ मध्ये फ्रान्समधले काही संशोधक टिमसॉर्टला जास्तीत जास्त किती वेळ लागतो याचे गणित मांडत होते. त्यासाठी स्टॅकची उंची नेमकी किती होऊ शकते हे काढावे लागले, आणि ४९ हा आकडाही अपुरा आहे असे त्यांना आढळले. ज्या हिशेबाने ४९ काढले होते त्यातही एक गृहीतक तुटत होते. त्यांनी जावा कोसळवणारी यादी पुन्हा एकदा बांधून दाखवली आणि त्यानंतर जावातही तपासणीच दुरुस्त करण्यात आली.

आणखी एक तपशील. २०१५ च्या गटाने दुरुस्त कोडाबद्दल सिद्ध केले ते असे की तो एक्सेप्शन न फेकता, म्हणजे चूक होऊन मध्येच न कोसळता, संपतो. यादी खरोखर क्रमाने लागते, हे त्या प्रूफचे विधान नव्हते. प्रूफ वाचताना नेमके कोणते विधान सिद्ध झाले आहे ते आधी पाहावे, ही सवय विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून लावावी लागते.

---

नवशिकी

सर्वांचे आभार. डॅफ्नीमध्ये बायनरी सर्च झाला. आता यादी क्रमाने लावणारे फंक्शन घेतले आहे आणि उत्तरअट लिहिली आहे : परत मिळालेल्या यादीत प्रत्येक घटक त्याच्या पुढच्या घटकाएवढा किंवा त्याहून लहान असतो. एवढे पुरेल का?

---

औदुंबर_छाया

पुरणार नाही. ही उत्तरअट रिकामी यादी परत देणारे फंक्शनही पूर्ण करते, आणि सर्व घटकांच्या जागी शून्य लिहिणारे फंक्शनही पूर्ण करते. आपल्याला हे सुद्धा म्हणावे लागेल की परत आलेल्या यादीत मूळचेच घटक आहेत, आणि जो घटक जितक्या वेळा होता तितक्याच वेळा आहे. डॅफ्नीमध्ये मल्टिसेट हा प्रकार याच कामासाठी आहे : मूळ यादीचा मल्टिसेट आणि नव्या यादीचा मल्टिसेट समान आहेत, अशी दुसरी उत्तरअट लिहावी. मग दोन घटकांची अदलाबदल करणाऱ्या ओळीनंतर मल्टिसेट बदलत नाही हे आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही लूपच्या इन्व्हेरियंटमध्ये सांगावे लागेल, नाहीतर साधन तिथे अडेल. इन्सर्शन सॉर्ट (एकेक घटक सरकवत योग्य जागी नेणारी पद्धत) घेतला असेल तर आतल्या लूपचा इन्व्हेरियंट जरा अवघड जातो. आपण काय लिहिले आहे ते इथे चिकटवा, म्हणजे पाहता येईल.